वळणावर सरळ गेलेली टीप

आपली मुलगी आळशी आहे, असं चारचौघांत म्हणण्यात मास्तरांचे तीन फायदे होते. पहिला, आळसाला डॉक्टर लागत नाही. दुसरा, आळशी मुलीला रागावणारा बाप जगाच्या नजरेत शिस्तीचा ठरतो. तिसरा फायदा कोणता, ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मास्तरांवरचा माझा निम्मा राग गळून पडला. उरलेला निम्मा मी अजून जपून ठेवला आहे.

मित्रांनो, एवढं आत्मविश्वासाने बोलणारी ही कोण, असं तुम्हाला वाटत असेल. मी पायाने चालणारी जुनी शिलाई मशीन आहे. काळं लोखंडी अंग, त्यावर सोनेरी वेल, तोही हात फिरून फिरून निम्मा पुसलेला. उजवीकडे चाक, खाली पायाने हलवायचा जाळीदार पायटा, दोघांना जोडणारा चामड्याचा पट्टा. माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, तेव्हाचं मला काही आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो? मला आठवतो तो रंगाऱ्याचा बारीक ब्रश. तो माझ्या खांद्यावर सोनेरी पानं काढत होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता. त्याच्या गुणगुणण्यावर मी पहिल्यांदा जागी झाले. अजूनही दुपारी दुकान शांत असलं की मला ते ऐकू आल्यासारखं होतं.

मी ज्या शिंप्याच्या, म्हणजे मास्तरांच्या, दुकानात आले ते रस्त्याला लागून असलेल्या एका लांबट खोलीत होतं. पुढे काउंटर, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, खिडकीपाशी मी, आणि मागच्या दाराआड घर. शाळांचे गणवेश, दवाखान्याचे कोट, उशांचे अभ्रे असं काम यायचं. आधी मला मास्तरांच्या थोरल्या बहिणीने चालवलं. सगळं घर तिला आत्या म्हणतं, म्हणून मीही म्हणते. तेव्हा लोक माझी टीप पाहून म्हणत, काय सुरेख आहे, वहीत ओळीवर लिहिलेल्या अक्षरासारखी. मी ते कौतुक तेलासारखं मुरवून घेतलं. पुढे आत्याचे डोळे अधू झाले. मग मला मास्तरांची बायको चालवू लागली. तिला आपण आई म्हणू, कारण ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिची ती आई. मुलीला सगळे गुंडी म्हणत. गुंडी म्हणजे बटण. लहानपणी ती तशीच होती, गोल, चपळ, आणि हातातून निसटली की टेबलाखाली जाऊन बसणारी.

गुंडी तेराची झाली तेव्हा शाळेतून आल्यावर माझ्यासमोर बसू लागली. तिला दुसरं काही नको होतं. तिच्या मैत्रिणी काय काय व्हायचं ठरवत होत्या. हिने एकच ठरवलं होतं, की गळ्यापासून काठापर्यंत एक अख्खा पोशाख एकटीने शिवायचा आणि मास्तरांनी तो उलटा करून पाहिला तरी त्यात खोट निघता कामा नये. मास्तर कपडा नेहमी उलटा करून पाहत. ते म्हणत, सरळ बाजू गिऱ्हाइकासाठी असते, उलटी शिंप्यासाठी.

ती पहिल्यांदा गेली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. गेली म्हणजे काय, ते सांगते.

दुपार होती. खिडकीतून आलेल्या उन्हात कापडाचा भुगा संथ तरंगत होता. गुंडी बाही जोडत होती. खांद्यापाशी जिथे बाही बसते त्या गोल वळणाला मुंढा म्हणतात. तिथे कापड दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत न्यावं लागतं. अर्ध्या वळणात तिचे हात थांबले. पाय मात्र चालत राहिले, झोपेत चालणाऱ्या माणसाचे चालावेत तसे. मी आपली पुढे. सुई खाली, सुई वर. कापड कोणी वळवेना, म्हणून टीप सरळ निघाली. वळण सोडून शांतपणे, माळावर निघालेल्या पायवाटेसारखी. मी वर पाहिलं. गुंडीचे डोळे उघडे होते, पापण्या बारीक फडफडत होत्या. घरात दिवा लागलेला असावा आणि घरात कोणी नसावं, तसं ते तोंड दिसत होतं.

मी टाके मोजत राहिले. माझ्या जातीला दुसरं येतं काय? सेहेचाळीस झाले. सत्तेचाळिसाव्याला ती परत आली आणि मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात वळण घ्यायला लागली. पण वळण केव्हाच मागे पडलं होतं.

"लक्ष कुठे असतं तुझं?" मास्तर टेबलापासून म्हणाले.

"इथेच होते, बाबा."

"तू इथे होतीस, तर मग ही बाही तिकडे कशी गेली?"

"बाहीला फिरायला जायचं असेल," आत्या म्हणाली. "दिवसभर खांद्याला चिकटून कंटाळत असेल बिचारी."

सगळे हसले, गुंडीही हसली. आत्याने ती टीप उसवली. आमच्या दुकानाचा नियम होता, बिघडलेली टीप त्याच संध्याकाळी उसवायची. चूक दुकानात मुक्कामाला राहता कामा नये, असं मास्तर म्हणत. उसवायचं काम आत्याकडे होतं. डोळे अधू असले तरी तिची बोटं टाका शोधून काढत. त्या दिवसापासून दोन वर्षं, मित्रांनो, गुंडी कुठे कुठे गेली होती त्याची खूण मी कापडावर उमटवायची आणि संध्याकाळी आत्या ती पुसायची. आम्ही दोघी इमानदार होतो. आमच्या इमानदारीनेच घोटाळा केला.

दुसरी गोष्ट सकाळची. अंथरुणातून उठून तासभर झालेला नसला की गुंडीचे खांदे आणि हात मध्येच उडत. विजेचा बारीक चटका बसावा तसे, एकदा, दोनदा. मग कपातला चहा भिंतीवर जाई, किंवा बटणांचा डबा जमिनीवर.

"हाताला लोणी लावून उठतेस का गं?" आई म्हणायची.

"अगं, हात आपोआप उडतो."

"आपोआप उडतो म्हणे. पाखरू आहे का तो?"

आई बटणं वेचायची, गुंडी रडवेली होऊन वेचायची, आणि मास्तर टेबलाशी उभे राहून म्हणायचे, "झोप पुरी झाली नाही महाराणींची." त्यात त्यांचं थोडं खरंही होतं. ज्या दिवशी झोप कमी, त्या दिवशी बटणं जास्त सांडायची. पण हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहायला कोणाला सवड नव्हती.

मास्तरांचंही एक होतं. त्याला कोणी आळस म्हणत नसे, हुशारी म्हणत. बेतता बेतता ते मध्येच मान वर करत आणि विचारत, "कापड जळतंय का कुठे?" कधीच काही जळत नसायचं. मग ते गप्प होत. ओठ चघळल्यासारखे हलत. डावा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाशी जाई. काढ, लाव, काढ, लाव. मिनिटभराने ते खाकरून म्हणत, "हं, काय म्हणत होतो मी?" गिऱ्हाइकांना वाटे, मास्तर मनातल्या मनात माप बसवताहेत. घरात त्याला नावच पडलं होतं, मास्तर बटणं मोजताहेत. मीही त्या विनोदात सामील होते, हे कबूल केलं पाहिजे.

गुंडी पंधराची झाली त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग छताला टेकला. आठवडाभर घरात कोणी पुरेसं झोपलं नाही. अशाच एका सकाळी गुंडी माझ्यासमोर येऊन बसली. हात दोनदा उडाले, तिसऱ्यांदा उडाले. मग तिच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला आणि ती लाकडासारखी ताठ होऊन स्टुलावरून खाली पडली. मग सगळं अंग झटके देऊ लागलं. ओठ निळसर झाले.

पुढच्या दोन मिनिटांत घरातल्या प्रत्येकाने जिवापाड प्रेमाने चुकीचं काम केलं. आईने तिचे हात घट्ट दाबून धरले. आत्याने तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. मास्तरांनी ऐकलेलं होतं की अशा वेळी जीभ तुटते. त्यांच्या हातात दोऱ्याचं लाकडी रीळ होतं, तेच त्यांनी तिच्या दातांत कोंबलं. रिळाला काही झालं नाही. गुंडीचा पुढचा दात अर्धा तुटला.

मग झटके थांबले. घोरल्यासारखा श्वास घेत ती बराच वेळ पडून होती. शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "माझी बाही कुठे आहे?"

मास्तर एकटे तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच येऊन सांगितलं, जरा छाती फुगवून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कधी असं झालं होतं? मास्तर म्हणाले, कधीच नाही. मध्येच टक लावून बसते का? नाही. सकाळी हात उडतात? नाही हो, थोडी आळशी आहे, बस. गुंडी काहीतरी सांगायला गेली तर म्हणाले, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. डॉक्टरीणबाईंनी जे सांगण्यात आलं त्यावर औषध दिलं. दुसरं काय देणार?

ती पुन्हा पडली नाही. घर खूश झालं. पण मला वेगळं दिसत होतं. पूर्वी ती दिवसातून एकदा जायची, आता चारदा, पाचदा जाऊ लागली. सकाळचे हात तर थांबेचनात. एका सकाळी ती कापड सरकवत होती, तिचा हात उडाला, कापड दाबून धरणाऱ्या माझ्या लोखंडी पट्टीखाली आला, आणि माझी सुई तिच्या बोटाच्या नखातून आरपार गेली.

मित्रांनो, सुईला डोळा असतो असं म्हणतात. त्या दिवशी तो नसता तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर कापड जोडलं, कोणाला टोचले नव्हते. सुई तिथेच मोडली. गुंडी ओरडली नाही. ती माझ्या अंगावर दुसरा हात ठेवून हळूच म्हणाली, "तुझी चूक नाही." असं तिने खरंच म्हटलं की मला तसं वाटलं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. वेदनेत माणसांना आणि यंत्रांना पुष्कळ काही ऐकू येतं.

मास्तरांनी त्याच दिवशी माझ्यावर जुनी चादर टाकली. "उद्यापासून ही मशीनला हात लावणार नाही," ते म्हणाले. "उद्यापासूनच नाही, कधीच नाही."

"बाबा, मग मी काय करू?"

"भाजी निवड. अभ्यास कर. बस."

"सुरीसुद्धा धारदार असते, अहो," आई पुटपुटली.

"मग तीही नको."

दुकानाची शिवण आई मागच्या घरातल्या दुसऱ्या मशीनवर करू लागली. चादरीच्या आत दिवस कसे जातात ते मला विचारा. उजेड पांढरट, गाळलेला. आवाज लांबून येणारे, पाण्याखाली बसून ऐकल्यासारखे. मला स्वप्नं पडू लागली. स्वप्नात एक लांबच लांब कापड माझ्या सुईखालून सरकत असे, त्याला कडा नव्हती, वळण नव्हतं, आणि मी कोणाच्या तरी पायांची वाट पाहत टाके घालत असे. बाहेर गुंडी मुकी होत चालली होती. भाजी निवडता निवडता ती चादरीकडे पाहायची. ते मला दिसत नसे, पण ती पाहते आहे हे कळायचं.

आणि मग आत्याने संप केला. तिने उसवायचं थांबवलं. सुई लागली त्याच्या आदल्या संध्याकाळच्या तीन बाह्या तिने नियम मोडून पिशवीत तशाच ठेवल्या होत्या. ती त्या मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत बसली.

"वन्सं, उसवत का नाही?" आईने विचारलं.

"अगं, मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका उसवल्या. आळशी माणसाची टीप कशी असते मला माहीत आहे. ती डगमगते, नागमोडी जाते, पुन्हा रस्त्यावर येते. ही बघ. ही वळणापर्यंत मोत्यासारखी आहे. मग वीतभर सरळ. इतकी सरळ की शुद्धीतला माणूस मारूच शकणार नाही. तिन्ही बाह्या तशाच. ही पोरगी आळशी नाही. ही तिथे नसतेच."

दुसऱ्या दिवशी मास्तर कापड आणायला बाहेर गेले, आणि तिघी जणी पिशवीत तीन बाह्या घालून डॉक्टरांकडे गेल्या. मी गेले नाही. माझे पाय लोखंडी आहेत आणि ते चालण्यासाठी नाहीत. आत्याने येऊन जे सांगितलं, त्यातून तिखटमीठ वजा करून मी तुम्हाला सांगते.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाह्यांकडे आणि मग आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "नीट बघा, बाई. दवाखान्याच्याच कोटाच्या आहेत, तुमच्याच कोणाला तरी घालायच्या होत्या." बाई हसल्या. मग त्यांनी गुंडीला विचारलं, मशीन निवांत चालवलीस तर एका सेकंदाला किती टाके पडतात? गुंडी म्हणाली, चार-पाच. बाई पेनाच्या टोकाने सरळ भागाचे टाके मोजत गेल्या. दहा सेकंद. बारा सेकंद. नऊ सेकंद. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, हीसुद्धा फिटच आहे. अपस्मार म्हणजे फक्त पडणं आणि झटके येणं, असं लोक समजतात. टक लावून काही सेकंद हरवणं हाही त्याचाच प्रकार. सकाळी हात उडणं हा आणखी एक. हिला तिन्ही आहेत, आणि ते एकाच घरातल्या बहिणींसारखे पुष्कळदा एकत्र येतात. एकीला चालणारं औषध दुसरीला भडकवू शकतं, तसंच इथे झालेलं दिसतंय. मला तिघींची नावं आधी सांगितली असतीत, तर मी पहिल्यापासून वेगळं औषध दिलं असतं.

"दोन वर्षांच्या खुणा होत्या तर," बाई म्हणाल्या, "त्या गेल्या कुठे?"

"मी उसवल्या," आत्या म्हणाली. हे सांगताना मात्र तिने तिखटमीठ घातलं नाही.

औषध बदललं. एकदम नाही, जुनं हळूहळू कमी, नवं हळूहळू जास्त. बाईंनी एक छापील कागद दिला. गुंडी तो काउंटरवर पसरून मोठ्याने वाचू लागली, आई आणि आत्या ऐकत होत्या, मास्तर टेबलाशी पाठ करून बेतत होते. माणूस झटके देत पडला तर त्याला दाबून धरायचं नाही. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा एकामागून एक येत राहिलं, तर दवाखान्याची गाडी बोलवायची. माणूस पूर्ण भानावर येईपर्यंत सोडून जायचं नाही.

"रीळ म्हणून काही लिहिलंय का त्यात?" आत्याने विचारलं.

"ताई," मास्तर म्हणाले.

"विचारते आपली. एवढं सगळं लिहिलंय म्हणून."

गुंडी पुढे वाचू लागली. आणखी एक प्रकार असतो. तो मेंदूच्या एका भागातून सुरू होतो. माणसाला आधी चमत्कारिक वास येतो किंवा पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं. मग तो भान हरपून ओठ चघळतो, कपड्यांशी, बटणांशी चाळा करतो. मिनिट-दोन मिनिटांनी भानावर येतो तेव्हा त्याला मधलं काही आठवत नाही.

कात्रीचा आवाज थांबला. चादरीतूनही मला तो थांबलेला ऐकू आला.

"पुरे आता वाचन," मास्तर म्हणाले. "कामं करा."

तेव्हा मला तिसरा फायदा कळला, मित्रांनो. मुलीचं हरवणं आळस ठरलं, तर बापाचं हरवणं हुशारी राहू शकत होतं. मुलीचं हरवणं आजार ठरलं, तर वीस वर्षं येणारा तो जळका वासही आजार ठरणार होता. आणि भान हरपणाऱ्या माणसाच्या हातात कापडाचा अख्खा ताका आणि हातभर कात्री कोण देईल? ते घाबरले होते. त्यांनी भीती लपवण्यासाठी मुलीचंच कापड वापरलं होतं.

नव्या औषधाने सकाळी बटणं सांडणं जवळजवळ थांबलं. हरवणं कमी झालं. तरीही मास्तर हट्ट सोडेनात. बाईंनी सांगितलं होतं, काळजी घेऊन शिवू द्या. हे म्हणायचे, डॉक्टरांना काय जातं सांगायला.

मग तो मंगळवार आला. खिडकीतल्या वाऱ्याने माझ्यावरची चादर एका बाजूने सरकली होती, म्हणून पुढचं मला दिसलं. दवाखान्याच्या पडद्यांचं मोठं काम होतं. टेबलावर निळं कापड आठ घड्यांनी पसरलेलं. मास्तरांनी मोठी कात्री लावली, आणि थांबले.

"कापड जळतंय का कुठे?"

आईच्या तोंडी नेहमीचा विनोद आलाच होता. गुंडी उठली. तिने विनोद होऊ दिला नाही. मास्तरांचे ओठ चघळल्यासारखे हलू लागले होते, डावा हात बटणाशी गेला होता, उजव्या हातातली उघडी कात्री हवेतच उघडझाप करत होती.

आई झेपावली. गुंडी म्हणाली, "आई, धरू नकोस त्यांना. नुसती बाजूला हो."

तिने कापड ओढून घेतलं. बापाच्या आणि टेबलाच्या कोपऱ्याच्या मध्ये ती उभी राहिली. कात्री तिने हिसकावली नाही. बोटं सैल होण्याची वाट पाहिली आणि ती झाली तशी मुठीकडून हळूच काढून घेतली. डोळे घड्याळावर. आणि सगळा वेळ ती त्यांच्याशी बोलत होती, झोपलेल्या बाळाशी बोलावं तशी. "बाबा, मी गुंडी. आपण दुकानात आहोत. काही घाई नाही. मी इथेच आहे."

मास्तर परत आले. त्यांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. खाकरले.

"हं, काय म्हणत होतो मी?"

"काही म्हणत नव्हतात तुम्ही, बाबा. एक मिनिट चाळीस सेकंद गेला होतात."

"कुठे?"

"ते मलाही कळत नाही. मी जाते तेव्हा."

मास्तर स्टुलावर बसले. पाणी मागितलं. प्यायले नाहीत, नुसता पेला धरून बसले.

"किती वर्षं रे?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता.

"शिडीवरून पडलो होतो ना, त्याच्या पुढच्या वर्षापासून. वास येतो. मग मधलं पान फाटलेलं असतं. मला वाटलं, कोणाला दिसत नाही."

"सगळ्यांना दिसत होतं. आम्ही हसत होतो." आत्याने चष्मा काढून पुसला. "आता ऐक. तू म्हणतोस पोरगी मशीनवर बसणार नाही. ठीक. मग तूही कात्री धरायची नाहीस. शिंपी आहेस ना, दोघांना एकच टेप लाव."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "गुंडे, त्या बाई किती वाजता भेटतात?"

"दहाला."

"तू चल बरोबर. मी काही लपवायला लागलो तर मध्ये बोल."

जाण्याआधी माझ्यावरची चादर त्यांनीच काढली. माझ्या चाकावर धूळ बसली होती. ती त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसली, जरा लाजत.

त्यानंतर आमच्या घरात नवे नियम आले आणि ते सगळ्यांना सारखे लागू झाले. औषधाची वेळ चुकवायची नाही. कितीही ढीग साचला तरी झोप मोडायची नाही. गुंडी सकाळी दहाच्या आत माझ्यासमोर बसत नाही. माझ्या सुईभोवती तारेचं एक छोटं कुंपण बसवलं आहे. मी त्यात थोडी बावळट दिसते, पण तिचं बोट आत येऊ शकत नाही. तपासण्या होऊन औषध लागू पडेपर्यंत मास्तरांनी मोठी कात्री आईच्या हाती दिली आणि स्वतः खडूने आखून द्यायला बसले. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी ते म्हणायचे, "हळू, हळू." आई म्हणायची, "तुम्ही कापता की मी?"

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. गुंडी अजूनही महिन्यातून एखाद-दोनदा जाते. टीप सरळ निघते, मी टाके मोजते. परत आली की आत्या टीप चाचपून तिला सांगते, "अकरा सेकंद होतीस बाहेर, वळण मागे राहिलंय." ती मान हलवते, तारखेपुढे अकरा लिहिते, आणि मगच टीप उसवते. स्वतः उसवते. तिने एक अख्खा गणवेश एकटीने शिवला तेव्हा मास्तरांनी तो उलटा करून खिडकीपाशी नेला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काखेत एक टाका सैल आहे." गुंडी म्हणाली, "आहे, मला माहीत आहे." दोघेही समाधानी दिसले.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. माझा पट्टा सैल पडतो, तेल घातलं तरी करकरते. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या वर्गात कोणी मध्येच टक लावून बसत असेल, कोणाच्या हातून सकाळी वस्तू उडत असतील, कोणी वेळी-अवेळी बटणाशी चाळा करत हरवत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी घड्याळ बघा. किती सेकंद, काय झालं, ते नीट लक्षात ठेवा आणि मोठ्यांना सांगा. मोठे ऐकत नसतील तर दुसऱ्या मोठ्यांना सांगा. आणि तो परत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. तो कुठे गेला होता हे तुम्हाला कळणार नाही, पण आल्यावर समोर कोण होतं, हे त्याला कळतं.

आता उरला जमाखर्च. मी एक सुई भरली. आई अजून कधीतरी काम थांबवून स्वतःच्या हातांकडे बघत बसते, त्यांनी मुलीला दाबून धरलं होतं म्हणून. आत्याच्या वाट्याला दोन वर्षं उसवलेला दोरा आला. तो ती कोणाला दाखवत नाही. मास्तरांची वीस वर्षांतली कितीतरी फाटलेली मिनिटं गेली, आणि थोडा रुबाब गेला. गुंडीने अर्धा दात दिला, एक नख दिलं, आणि दोन वर्षं आळशी हे नाव मुकाट्याने वापरलं. ज्या तीन फायद्यांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांतला एकही तिचा नव्हता.

सर्वांत जास्त तिनेच भरलं.